आईच्या साडीवर परक्या हाताचे टाके

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज दुपारची कामं आवरून सावकाश लिहायला बसले आहे. मला जे कळलं ते आधी मांडते. तुमची आई जाऊन वर्ष झालं. तिच्या अकरा सुती साड्या तुमच्याकडे आहेत. त्यांची गोधडी करावी, आणि उरलेल्या तुकड्यांतून घरीच कागद करून वह्या बांधाव्यात असं मनात आहे. शिवणाचा हात नाही, आणि साडीला कात्री लावायचा धीर होत नाही. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात नव्या सोसायटीत राहायला आलात. तिथल्या तिघी ‘आम्ही येतो मदतीला’ म्हणाल्या आहेत, पण ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरती. आणि अगदी शेवटी तुम्ही विचारलंय, आईच्या साडीवर परक्या हाताचे टाके चालतील का, की वेळ लागला तरी एकटीनेच करावं?

कापड कुठलं, सुई कुठली, खळ कशी करायची, हे सगळं सांगते. पण माझ्या लेखी खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझं माहेर माण तालुक्यातलं, सासर साताऱ्यातलं. गोधडी माहेरी शिकले. कागद-पुठ्ठ्याचं काम सासरी शिकले, कारण घरचं बाइंडिंगचं दुकान होतं. गेली २८ वर्षं दर गुरुवारी दुपारी आमच्या माडीवर बायका गोधडीला बसतात. काही पहिल्यापासून आहेत, काहींच्या बदल्या झाल्या, दोघी आता नाहीत. पुढे जे सांगते ते या माडीवर बसून कळलेलं आहे.

तर उत्तर असं, की परक्या हाताचे टाके चालतील. मी तर म्हणेन, लागतील.

हिशोब करून बघा. सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी एकेरी गोधडी धरा. बोटाच्या अंतराने, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरवर, धावदोऱ्याच्या ओळी घातल्या आणि त्या सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर १०० मीटरच्या वर जातात. नवख्या हाताने तासाला तीनेक मीटर होतात. म्हणजे ३५ तास. एकटीने रोज अर्धा तास काढला तर सव्वादोन महिने, तेही एकही दिवस न चुकता. वहीवर हे जमण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पाहुणे येतात, ताप येतो, मन लागत नाही, आणि गोधडी घडी घालून कपाटात जाते. मग आईच्या साड्या होत्या त्या फळीवर आईची अर्धी राहिलेली गोधडी येऊन बसते. ती साड्यांपेक्षा जास्त बोचते. अशा अर्ध्या गोधड्या घेऊन कितीतरी जणी माझ्याकडे आल्या आहेत. एकीची तर नऊ वर्षं पेटीत होती. तेच चौघी जणी आठवड्याला दोन तास बसल्या तर साडेचार आठवड्यांत काम हातावेगळं होतं.

आपल्याकडे हे काम कधी एकटीचं नव्हतंच. शेतात जशी सावड असते, आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, तशीच माझ्या आजीच्या वस्तीवर उन्हाळ्यात गोधड्यांची सावड असायची. सुगी संपलेली, पाऊस यायला अवकाश, अंगण सारवलेलं. कापड पसरलं की चार बाजूंना चौघी बसायच्या. चैत्रात एकीची झाली की वैशाखात दुसरीची. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं, आणि म्हणूनच कोणाला अवघड वाटत नव्हतं. तुमच्या प्रश्नाचा सगळा गुंता मला इथे सुटताना दिसतो. तुम्ही त्या तिघींकडे मदत म्हणून बघताय. मदत घेतली की ओझं होतं, आणि परक्या माणसाची मदत तर फारच. सावड घातलीत तर ओझं राहत नाही. पहिल्या दिवशीच सांगून टाका, ‘माझी झाली की तुमच्यातल्या जिची असेल तिची घेऊ.’ एकीकडे बाळाचं दुपटं असेल, एकीकडे सासूबाईंची लुगडी पडून असतील. प्रत्येक घरात काही ना काही गाठोडं असतंच.

जात्यावरच्या ओव्यांमध्ये मैत्रिणीसाठी एक शब्द येतो, शेजी. शेजारीण. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना हा शब्द मला पुन्हा पुन्हा भेटला. लग्न करून परक्या गावात आलेल्या बाईला मैत्रीण निवडायला मिळत नव्हती. भिंतीपलीकडे जी होती ती शेजी. तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, पाणी भरायचं, गोधडी शिवायची, आणि हे करता करता ती आपली व्हायची. तुम्हीही परक्या गावात आला आहात, आणि तुमच्या शेजी लिफ्टमध्ये भेटतायत.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ‘परक्या हाताचे टाके’ हे शब्द वाचल्यावर मला तीच आठवली. माझी आई गेली तेव्हा मी तिच्या दोन पातळांची गोधडी घातली. समोरच्या घरातल्या वहिनी रोज दुपारी यायच्या. त्यांचा हात जड, टाके लांब आणि ओळ नागमोडी. माझी ओळ दोरी धरल्यासारखी. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर दिव्याखाली बसून त्यांची वीतभर पट्टी उसवली आणि माझ्या टाक्यांनी पुन्हा भरली. वहिनींना दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या कळलं. आपला टाका बाईला अंधारातही ओळखू येतो. त्या काही बोलल्या नाहीत. सुईत दोरा ओवला, थोडा वेळ बसल्या, आणि ‘दूध उतू जाईल’ म्हणून उठून गेल्या. त्यानंतर आठ दिवस आल्या नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, तुझी आई मला पोरीसारखं करायची. मला वाटलं, मीपण दोन टाके घालावेत.’ माझ्या आईशी त्यांचं एवढं होतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या आल्या, उरलेली बाजू त्यांनीच शिवली. आज ती गोधडी अंगावर घेतली की डाव्या खांद्याजवळचे लांब टाके बोटाला लागतात, आणि तिथे मला आईइतक्याच वहिनी आठवतात. माझ्या त्या दोरी धरल्यासारख्या ओळींचं मात्र मला काही आठवत नाही.

तरीही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. साड्या हातात घेतल्या की अजून रडू आवरत नसेल तर आईच्या साडीवर लगेच बसू नका. आधी त्या तिघींबरोबर तीन फूट बाय तीन फुटांचं एक दुपटं करा, घरातल्या जुन्या चादरीचं. दोन बैठकांत होतं. हातही बसतो, आणि कोण कशी आहे तेही कळतं. एखादी सतत दुसरीचं काम तपासणारी निघाली, किंवा इथलं बोलणं तिकडे नेणारी निघाली, तर दुपट्यानंतर थांबायला तुम्हाला मोकळीक आहे. आणि झोप लागत नाही, जेवण जात नाही असं महिनोन्‌महिने चालू असेल तर गोधडीच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना भेटा. माझ्या माडीवर हे मी दोघींना सांगितलं आहे. दोघीही औषध घेत घेत गुरुवारी येत राहिल्या.

आता कामाचं.

अकराच्या अकरा साड्या वापरायच्या नाहीत. एक तरी तशीच राहू द्या, नेसायला. कुठली ते तुम्हाला माहीतच असेल. बाकीच्या खिडकीत उजेडासमोर धरून बघा. जिथे कापड विरलंय तिथे उजेड जास्त येतो. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणल्यावर जे फाटतं ते बाहेरच्या थराला नको, आत चालेल. ‘सुती’ म्हणून ठेवलेल्यात एखादी मिश्र कापडाची निघते. तिचा एक धागा काढून पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. टेरिकॉटचा धागा वितळून कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. सूत आणि रेशीम एका गोधडीत घालू नका, दोघांची धुण्याची तऱ्हा वेगळी. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगांच्या साड्यांवर घासा. रंग रुमालाला लागला तर ती साडी फिकट साडीजवळ नको. सगळ्या साड्यांचे फॉल उसवा, आणि कांजी निघून जाईपर्यंत धुवा. कांजी राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते.

कात्रीची भीती तर मनातून काढूनच टाका, कारण पहिल्या गोधडीला कात्री लागतच नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. तिची तीन पदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि साडीच्या पन्ह्याइतकी, पावणेचार फूट रुंद अशी एक गोधडीच तयार होते. घडी अशी घाला की आईचा पदर वरच्या अंगाला येईल. वरचा आणि मधला थर यांच्यामध्ये दुसरी साडी तशीच तीन पदरी घालून सरकवा. झाले सहा थर. लांबीच्या दोन्ही बाजूंना साडीचे काठच येतात, त्यामुळे धागे सुटत नाहीत. आखूड बाजूंना जी मोकळी टोकं असतात ती इंचभर आत दुमडायची. आतली साडी बारीक काठाची निवडा, नाहीतर काठांची थप्पी होते आणि सुई तिथे मोडते. जरीचा पदर असेल तर तो वर घेऊ नका, जर दोऱ्याला कापते. सहापेक्षा जास्त थर पहिल्यांदा नकोत. ऊब कमी वाटली तर पुढच्या वर्षी आणखी एक साडी चढवता येते. जुन्या गोधड्या अशाच वाढत गेलेल्या असतात.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण तो जुन्या कापडापेक्षा बळकट असतो. ताण आला की दोरा राहतो आणि कापड फाटतं. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला की गुंता होत नाही. सुई मध्यम लांबीची, नाक्याला जरा मोठी. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट सुजतं आणि काम थांबतं.

फरशी पुसून कोरडी करा. साड्यांची घडी पसरा, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा, आणि मध्यापासून कडेकडे तळहाताने सुरकुत्या सारत न्या. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके टाचून घ्या. हा टप्पा एकटीने करू नका. दोघींनी समोरासमोर बसून कापड ताणून धरायचं असतं, आणि इथे कंटाळा केला तर शेवटी गोधडीच्या पोटात फुगा येतो. त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू करायचा. कडेला समांतर पहिला फेरा, त्याच्या आत दुसरा, असं चौकोनात चौकोन करत मध्याकडे जायचं. इंटरनेटवर तुम्हाला ‘मध्यापासून बाहेर या’ असं सांगणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्या आत कापूस किंवा फायबरची गादी असते, ती सरकते, म्हणून त्यांचं बरोबर. आपल्या गोधडीत नुसते कापडाचे थर असतात आणि चारी बाजूंना माणसं बसलेली असतात. ती कडेवरून आत सरकत येतात, तसे टाकेही आत येतात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदी, म्हणजे गोधड्याच, अशाच कडेकडून आत शिवत नेतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं बसवतात. ती फुलं मला इतकी आवडली की मीही एका गोधडीला बसवली.

टाक्यांच्या मध्ये कापड थोडं चुरमुडतं, ते तसंच राहू द्या. त्या बारीक चुण्यांत हवा अडकते, ऊब तिथूनच येते.

बैठकीबद्दल आमच्याकडे जे टिकलं ते सांगते. वार ठरलेला, आणि उठायची वेळही ठरलेली. अडीच ते साडेचार, त्यापुढे कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. वेळ लांबली की कोणाच्या तरी घरी कुरबुर होते आणि पुढच्या वेळी ती येत नाही. फक्त चहा. पहिल्या वर्षी आम्ही खायला करायचो. मग एकीने शिरा केला म्हणून दुसरीने घावन केले, तिसरीला ते जमेना म्हणून ती यायचीच बंद झाली. तेव्हापासून चहा आणि फार तर बिस्किट. जिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही तिला खुर्चीत बसवून सुयांत दोरे ओवायचं काम द्या. चौघींना दोरा पुरवणं हे पूर्ण एकीचं काम आहे. आणि बोलायलाच पाहिजे असं वाटून घेऊ नका. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की अनोळखी बायकांशी दोन तास काय बोलायचं याची धास्ती आहे. पहिले दोन-तीन गुरुवार नुसतं ‘इकडे दोरा द्या’, ‘कात्री सरकवा’ एवढंच होतं. डोळे कापडावर असतात, त्यामुळे गप्प बसलं तरी अवघडत नाही. आणि म्हणूनच कधीतरी कोणी मान वर न करता एकदम मनातलं बोलून जाते. आमच्याकडे एकीने नवऱ्याच्या आजाराचं पाचव्या गुरुवारी सांगितलं. सांगताना तिने टाका थांबवला नाही, आम्हीही थांबवला नाही. निघताना फक्त दोघी तिच्याबरोबर घरापर्यंत चालत गेल्या. पुढे तिची दवाखान्याची फेरी असली की कोण डबा नेणार हे त्या माडीवरच ठरायचं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर आधी दुपटं, मग आईच्या दोन साड्या न कापता तीन पदरी, सहा थर, सुती दोरा, कडेकडून आत, आणि तुमची झाली की दुसरीची. आता कागदाकडे वळते. इथे तुमची योजना मला थोडी बदलावी लागेल.

साडीच्या तुकड्यांचा कागद घरच्या मिक्सरमध्ये होत नाही. मी करून बघितलंय. धागे पात्याला गुंडाळले जातात, मोटर तापते, आणि हाती येतो तो गोळ्यागोळ्यांचा लगदा. कारण साधं आहे. कारखान्यात कापडाच्या चिंध्या बीटरमध्ये तासन्‌तास पाण्यात कुटल्या जातात. त्यात सुताचे तंतू पिंजून त्यांना बारीक लव सुटते. वाळताना ती लव एकमेकींना धरते, म्हणून कागद गोंदाशिवाय घट्ट राहतो. मिक्सर कापतो, कुटत नाही. सुताचा कागद मात्र खरोखर फार टिकतो. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकामुळे, सुतात ते जवळजवळ नसतंच. आपल्याकडे जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जायचा. दौलताबाद–खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात कागद करणारी घराणी शतकानुशतकं राहिली. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा हातकागदाच्या कामाला पुन्हा उभारी आली. तुम्ही पुण्यातच आहात, तर शिवाजीनगरला १९४० साली के. बी. जोशींच्या प्रयत्नाने सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथे एकदा चक्कर मारा. चौघी मिळून जा. वहीच्या पानांसाठी कागद तिथून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करायचाच असेल तर जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचा करा. बोटाच्या पेराएवढे तुकडे, रात्रभर पाण्यात, सकाळी मूठभर तुकड्यांना भरपूर पाणी घालून मिक्सर. सारख्या मापाच्या दोन लाकडी चौकटी घ्या आणि एकीवर मच्छरदाणीची जाळी ताणून ठोका. लगद्याच्या टबात त्या बुडवून आडव्या उचला, पाणी निथळू द्या, आणि ओल्या सुती फडक्यावर पालथ्या घाला. फडकी एकावर एक रचून वर पाट आणि वजन ठेवा. दोन तासांनी एकेक कागद सावलीत वाळत घाला. आईच्या साडीचे धागे नखाएवढे कापून टबात चिमूटभर टाका. ते कागदात रेषेसारखे दिसतात. हा कागद शाई शोषतो, म्हणून वाळल्यावर पातळ खळीचा एक हात द्या. पाकिटं, हळदीकुंकवाची आमंत्रणं, वहीची पहिली आणि शेवटची पानं, यासाठी तो छान आहे.

आणि कापड? आईचे ब्लाउज असतील तर ते वह्यांच्या पुठ्ठ्यावर चढवा. ब्लाउज दुसऱ्या कोणाला बसत नाहीत, टाकवत नाहीत. पाठीचा भाग एका लहान वहीला अगदी पुरतो. कापड थेट पुठ्ठ्यावर चिकटवू नका, खळ वर फुटून डाग पडतात. आधी कापडाच्या मागच्या अंगाला पातळ कागद खळीने चिकटवून सुकू द्या, मग ते पुठ्ठ्यावर. खळ मैद्याची, मंद आचेवर सतत ढवळत, डोशाच्या पिठाइतकी. आमच्या दुकानात कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद पडायचं. पण ते विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर मोरचूद टाळा आणि रोज ताजी खळ करा. पानांना जुजबंदी करा. चार कागद एकात एक घालून दुमडले की एक जुज, असे सहा जुज पाठीवरून दोऱ्याने एकमेकांना ओवायचे. धावदोरा जमणाऱ्या हाताला जुजबंदी अर्ध्या तासात जमते, दोऱ्याची ओढ तीच.

यातली एक वही चौघींची म्हणून ठेवा. माझ्याकडे अशा सात वह्या भरल्या आहेत. प्रत्येक गोधडीचं एक पान असतं. कोणाच्या कापडाची, कोण कोण बसलं, आणि बाजूला त्या कापडाचा टिकलीएवढा तुकडा चिकटवलेला. बाकी काही लिहायचं नाही असं ठरलं होतं. पण कडेला कोणीतरी लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवतं, कोणी मुलीच्या लग्नाची तारीख.

शेवटच्या चौकोनाबद्दल एक. माझी आजी गोधडीच्या मध्यावर छोटं ठिगळ लावायची आणि ते बंद करण्याआधी आत ज्वारीचे चार दाणे ठेवायची. गोधडीचं पोट रिकामं राहू नये, असं म्हणायची. दाण्यांना धुण्यात कोंब येतात, म्हणून मी दाणे ठेवत नाही. त्याऐवजी जिच्या जिच्या हाताचे टाके पडले तिच्या घरातला एकेक तुकडा मागून घेते, आणि मध्यावरचं ठिगळ त्यांचं जोडते. तुमच्या त्या तिघींकडे मागून बघा. आईच्या साडीवर त्यांचे टाके नुसते चालतात का, हा प्रश्न तोवर राहिलेला नसेल असं मला वाटतं. राहिला असेल तर मला पुन्हा लिहा, मी वाट बघेन.

पहिलं धुणं घटस्थापनेच्या आधी करा, घरोघरी तेव्हाच गोधड्या निघतात. साबण सौम्य, ब्रश नको, तळव्यांनी दाबून धुवा. आणि त्या दिवशी एकीला बोलावून ठेवा, कारण भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ द्यायचा, खांद्याच्या उंचीवर, हळूहळू. गच्चीवर एका दोरीला टांगलीत तर ओल्या वजनाने मध्ये ओघळते. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा, त्यांच्यावर आडवी पसरा, आणि दोऱ्या आधी जोरात ओढून बघा.